अपघात ट्रॉलीमुळे झाला, पण जीव कशाने गेला?

मूळ लेखन
कापसाच्या या हंगामात आमच्या गावाजवळच्या एकाच वळणावर, पंधरा दिवसांच्या अंतराने, दोन दुचाकीस्वार उभ्या ट्रॉलीवर मागून आदळले. पहिल्याचा हात मोडला. दुसरा तालुक्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत गेला. पहिल्याच्या वेळी डांबरावर टायर घासल्याचा लांब काळा पट्टा होता. दुसऱ्याच्या वेळी अशी एकही खूण नव्हती, आणि हेल्मेट आरशालाच अडकवलेले होते. तो बाजारातून पिऊन निघाला होता. दारूने ब्रेक दाबायला एक सेकंद उशीर झाला, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी तेवढ्यात जवळपास १७ मीटर पुढे जाते आणि धडक पूर्ण वेगाने बसते. ४० ऐवजी ६० च्या वेगात धडकेची ऊर्जा सव्वादोन पट असते. म्हणून इजा किती गंभीर होणार, हे मुख्यतः चालकाच्या वागण्यावर ठरते, असे माझे ठाम मत आहे.

प्रतिसाद १ (ट्रॅक्टरमालक)
मी असहमत आहे. त्या ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, रेडियमची पट्टीही नव्हती. शिवाय त्या रात्री मी तिथे होतो. "पिऊन पडला आहे, उतरली की उठेल," असे म्हणत लोक अर्धा तास नुसते उभे राहिले. डोक्याला मार लागल्यानेही शुद्ध जाते, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

प्रतिसाद २ (शेतकरी)
दोघेही फक्त दारूबद्दल बोलत आहात. कृषिपंपाला वीज रात्री मिळते, म्हणून आम्ही रात्रभर ओलित करतो आणि सकाळी तशाच जड डोळ्यांनी गाडी काढतो. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच अल्कोहोल चालते. सलग १७ तास जागलेला माणूस मात्र ५० मिलिग्रॅम असल्याइतका मंदावतो, असे प्रयोगांत दिसले आहे. पेंग आलेला माणूसही ब्रेक दाबत नाही. त्याला बेजबाबदार कसे म्हणायचे?

मूळ लेखकाचे उत्तर
जागरणाचा मुद्दा मी मान्य करतो. तो माझ्याकडून सुटला होता. पण तो अर्धा तास दारूच्या वासामुळेच गेला ना? आणि आरशावरचे हेल्मेट डोक्यावर असते, तर निदान मार तरी कमी लागला असता.

प्रतिसाद १ (ट्रॅक्टरमालक)
हेल्मेटबाबत माझा वाद नाही. मात्र वास आला म्हणून १०८ ला फोन करायचा नाही, हे दारूने ठरवले नव्हते. ते आम्ही ठरवले, आणि त्यांत मीही होतो.