टोळीप्रमुख युद्धकाळात सेनानायक कसे होतात?

प्रश्न (धरमपेठ, नागपूर): पश्चिम युरोपात बँका लुटणारा आणि तुरुंगातून पळणारा झेल्को राझ्नातोविच, म्हणजेच आर्कान, युगोस्लाव्हिया फुटण्याच्या तोंडावर, १९९० मध्ये, सर्बियात स्वतःचे सशस्त्र दल कसे उभारू शकला, हे कोणी समजावून सांगेल का?

उत्तर (महाल): त्याला माणसे आयतीच मिळाली. बेलग्रेडच्या रेड स्टार फुटबॉल क्लबच्या आक्रमक समर्थकांवर त्याची पकड होती. मात्र सर्बियाच्या गुप्तचर यंत्रणेच्या पाठबळाशिवाय त्या जमावाचे दल झाले नसते. सैन्यभरती टाळण्यासाठी असंख्य तरुण लपत असताना राज्यकर्त्यांना लढायला तयार असलेली आणि ज्यांच्या कृत्यांची जबाबदारी सहज झटकता येईल अशी माणसे हवी होती. एप्रिल १९९२ मध्ये बोस्नियातील बियेलिना शहरात याच दलाने निःशस्त्र मुस्लिम नागरिकांना ठार मारले, हे विसरता कामा नये.

उत्तर (सदर): आपले म्हणणे पटते, परंतु हा प्रकार एकाच बाजूचा नव्हता. सर्ब सैन्याच्या वेढ्यातल्या सारायेव्होच्या, म्हणजे बोस्नियाच्या राजधानीच्या, बचावासाठी सुरुवातीला पुढे आलेला युसुफ प्राझिनादेखील टोळीप्रमुखच होता, आणि त्याच्या माणसांनी त्याच शहरातील रहिवाशांना लुबाडले.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. आर्कानवर खटला चालला का?

उत्तर (महाल): नाही. युगोस्लाव्हियातील युद्धगुन्ह्यांसाठी स्थापन झालेल्या हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९७ मध्ये आरोपपत्र ठेवले होते. पण जानेवारी २००० मध्ये बेलग्रेडच्या एका हॉटेलात त्याची गोळ्या घालून हत्या झाली, आणि पीडितांच्या कुटुंबांना त्याला न्यायालयात उभे राहिलेले पाहता आले नाही.