जर्मन ब्लू रॅम मासे टिकत नाहीयेत, एक मादी उरलीये, मदत करा

कांदिवलीचा_टँक:
नमस्कार मंडळी, माझा अडीच फुटी प्लांटेड टँक आहे, अनुबियास, जावा फर्न, व्हॅलिसनेरिया मस्त धरलंय, सेट करून महिना झाला असेल. आत १० निऑन टेट्रा आणि ६ कोरी (तळाशी फिरणारे कोरीडोरस मासे) होते, मागच्या रविवारी कुर्ल्याला जाऊन जर्मन ब्लू रॅमच्या दोन जोड्या आणल्या. पहिले दोन दिवस काय रंग होता सांगू, पिवळं तोंड, निळे ठिपके, डोळ्यावरून काळा पट्टा, बायको संध्याकाळी खुर्ची घेऊन समोरच बसायची. मग एकेक काळवंडून कोपऱ्यात उभे राहायला लागले, खाणं बंद, आज सकाळी तिसरा गेला. निऑन, कोरी ठणठणीत. दुकानदार म्हणतो मासाच नाजूक आहे. आता एक मादी राहिलीये, तिला वाचवायचंय. सोसायटीत पालिकेच्या पाण्यात टँकरचं पण मिक्स होतं, पाणी बदलताना अँटीक्लोरीन टाकतो. हिटर नाही, मुंबईत कशाला लागतो?

हिरवं_पाणी_परळ:
दादा वाईट वाटलं वाचून. महिन्याची टाकी म्हणजे अजून कच्ची हो. माशांच्या घाणीतून होणारं विषारी अमोनिया आणि नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया बसायलाच चार ते सहा आठवडे जातात, आणि रॅम तर मी तीन महिने मुरलेल्या टाकीशिवाय सोडतच नाही. दुसरं ते टँकरचं पाणी. पालिकेचं पाणी भातसा, तानसा, वैतरणाचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं, ते मऊ असतं, टँकरचं बरेचदा बोअरचं असतं आणि जड. रॅम मूळचा ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला, व्हेनेझुएला-कोलंबियाकडचा, तिथलं पाणी मऊ, जरा आम्लधर्मी आणि कोमट. दोन्ही पाण्यांचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मोजा आणि टाकीतलं नायट्राइट बघा, मग बोलू.

मुलुंडचा_ॲपिस्टो:
ताईंचं बरोबर आहे पण मला हिटरचं जास्त खटकलं. सध्या जानेवारी आहे, पहाटे टाकीत थर्मामीटर लावून बघा. रॅमला २७ ते ३० डिग्री लागतं, त्याखाली गेला की खात नाही, रंग टाकतो आणि मग कुठलाही रोग धरतो. निऑनला उलट २२-२५ आवडतं, म्हणून तुमचे निऑन मजेत आणि रॅम गेले! दोघांना एकत्र खूश ठेवता येत नाही, रॅमसोबत कार्डिनल टेट्रा घ्या, ते उबेत छान राहतात, कोरीत स्टर्बाय. आणि अडीच फुटात एकच जोडी, दोन नर जागेवरून भांडत बसतात. मासा नाजूक आहे म्हणून सोडून देऊ नका, त्याला हवं ते मिळालं तर सपाट दगडावर अंडी घालतो आणि दोघं मिळून राखण करतात, ते एकदा बघाच.

कांदिवलीचा_टँक:
पहाटे २३ निघालं!! नायट्राइट ०.२५, टीडीएस नळाचा ९० आणि टँकरवाल्या दिवशी ४१० 😟

हिरवं_पाणी_परळ:
मग आजच १०० वॉटचा हिटर आणा पण एकदम २८ करू नका, दिवसाला एखाद-दीड डिग्री चढवा. पालिकेचं पाणी येतं त्या दिवशी बादल्या भरून ठेवा आणि रोज १५-२० टक्केच बदला, नवीन पाणी टाकीइतकंच कोमट करून. खाणं अगदी थोडं. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

वसईवाला:
टँकर सुटणार नसेल तर पुढच्या वेळी क्रिबेन्सिस बघा, आफ्रिकेतला आहे, मादीचं पोट जांभळं-लाल होतं, जड पाणी बऱ्यापैकी सोसतो. बोलिव्हियन रॅम पण दणकट, रंग शांत असतो पण मला तोच जास्त आवडतो.

कांदिवलीचा_टँक:
सहावा दिवस. २७.५ वर आणलंय, नायट्राइट शून्य. निऑन भावाच्या टाकीत दिले. काल रात्री मादीने ब्लडवर्म (खायला टाकलेली लाल अळी) उचलला आणि आज वाळू तोंडात घेऊन गाळत फिरतेय, पोटावरचा गुलाबी रंग पण परत आलाय. नर तीन महिन्यांनीच आणतो.