मदत हवी आहे: पाचव्या लेव्हलपासून फायटर लिंबूटिंबू झालाय

आमचा पुण्यातला गट रविवारी दुपारी डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा फाशांवर चालणारा कथाखेळ खेळतो, डीएम (गोष्ट चालवणारा) मी. नियम पाचव्या आवृत्तीचे, तेही फुकटात मिळणारी एसआरडी ५.१ (मूळ नियमांची अधिकृत प्रत) उतरवून घेतलेली. पुस्तकं वर्गणी काढून घेऊ म्हटलं की विषय पुढच्या महिन्यावर जातो.

चौथ्या लेव्हलपर्यंत सगळं झकास चाललं होतं. पाचवीला विझर्डला (जादूगार) फायरबॉल हा आगीच्या गोळ्याचा मंत्र मिळाला आणि गाडं बिनसलं.

मागच्या लढाईचंच सांगतो. पडक्या गढीच्या अंगणात आठ हॉबगॉब्लिन, आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १८, हिट पॉइंट (जीव) ११. फायटरचा बोनस +७, म्हणजे वीसपैलू फाशावर ११ किंवा वर पडायला हवं. निम्मे वार वाया. दोनातला एक लागला, तर ग्रेटसोर्डचे २डी६+४ (दोन सहापैलू फासे अधिक ४), सरासरी ११. नशीब बरं असेल तर एक हॉबगॉब्लिन आडवा. मग विझर्डची पाळी. ८डी६, सरासरी २८, समोरच्याला सेव्ह (बचावाचा फासा) जमला तरी १४. आणि समोरच्याचे हिट पॉइंट ११! सेव्ह झाला काय नि न झाला काय, सहा जण एका झटक्यात खलास. फायटर त्या सहांच्या मधोमध उभा होता, त्याला झळसुद्धा लागली नाही, कारण विझर्ड इव्होकर पंथाची आहे आणि त्या पंथाच्या स्कल्प्ट स्पेल्समुळे आपली माणसं वगळता येतात. आता बोला.

लढाईबाहेर तेच. कुलूप आलं की नॉक, तटबंदी आली की फ्लाय, पहारेकरी दिसले की इन्व्हिजिबिलिटी. फायटर खेळणारा मित्र कुरकुर करणाऱ्यांतला नाही, पण हल्ली स्वतःची पाळी येईपर्यंत मोबाइल चाळत बसतो. मला तेच लागतं.

फायरबॉल ६डी६ करा वगैरे सल्ले कृपया नकोत. तो रडीचा डाव झाला. पहिल्या लेव्हलला एका फटक्यात आडवी होत होती तेव्हापासून विझर्ड खेळणाऱ्या पोरीने वाट पाहिली आहे. फायटरच्या हातात जादूची तलवार देऊन वेळ मारून न्यायचीही इच्छा नाही, मग भारी तलवार ठरते, माणूस नाही.

२०१४ च्या डीएम गाइडचा हिशेब ऐकून आहे: दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण एन्काउंटर (लढाया किंवा अडचणी), मध्ये दोन शॉर्ट रेस्ट (छोटी विश्रांती). पण तीन तासांत आमची एक लढाई होते, दुसरी सुरू झाली की कोणाच्या तरी घरून फोन. मग लाँग रेस्ट (रात्रभराची विश्रांती, खर्चलेली जादू परत मिळते), आणि पुढच्या रविवारी विझर्ड पुन्हा ताजीतवानी. सहा लढाया बसवायच्या कुठे? प्रत्यक्ष हे कोणी जमवलंय का?

प्रतिसाद १

सेशन संपलं म्हणून गोष्टीतला दिवस कशाला संपायला हवा? आमच्याकडे एक दिवस तीन-तीन रविवार चालतो. फोन आला की तिथेच थांबायचं, लाँग रेस्ट नाही. नियमातच चोवीस तासांत एकच लाँग रेस्ट आहे, तेवढा पाळला तरी पुष्कळ.

तुमचा फायटर चॅम्पियन असणार (एसआरडी ५.१ मध्ये तोच एक प्रकार आहे), तो याच कारणाने मार खातोय. त्याचं १९ वरचं क्रिट (नुकसानीचे फासे दुप्पट) कधी संपत नाही, पण फासे भरपूर पडले तरच दिसतं. तीन राउंडची एक लढाई, त्यात एक अ‍ॅक्शन सर्ज, म्हणजे राउंडला दोन वार आणि सर्जचे जादा दोन, एकूण आठ फासे. जादा पाच टक्क्यांनी अर्धंसुद्धा क्रिट पदरात पडत नाही. अशा सहा लढाया आणि मध्ये दोन शॉर्ट रेस्ट धरले तर सर्ज तीनदा मिळतो, फासे ४२, आणि दोनेक क्रिट जास्तीचे. उलट विझर्डकडे फायरबॉलला लागणारे तिसऱ्या पातळीचे स्लॉट (मंत्राचे वापर) दोन, आर्केन रिकव्हरीने तिसरा. सहा लढायांना तीन फायरबॉल. आता तिला ठरवावं लागेल, या आठ हॉबगॉब्लिनांवर उडवायचा की आत अजून काही आहे.

आणि सगळ्या लढायाच हव्यात असं नाही. ज्याने स्लॉट किंवा हिट पॉइंट खर्च होतात ते सगळं मोजा.

प्रतिसाद २

पर्यायी नियमांत ग्रिटी रिअ‍ॅलिझम आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. प्रवासाच्या कॅम्पेनला बरा. पण मेज आर्मर (संरक्षक मंत्र) आठच तास टिकतं, त्यामुळे असल्या स्पेल्सचं कंबरडं मोडतं. मला नाही रुचला.

प्रतिसाद ३

हे दुखणं जुनं आहे. अ‍ॅडव्हान्स्ड डी अँड डीच्या काळात उतारा वेगळा होता: दुसऱ्या लेव्हलला चोराला साधारण १२५० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागायचे, फायटरला २०००, मॅजिक-युझरला (तेव्हाचा विझर्ड) २५००. वर मंत्र म्हणताना फटका बसला की मंत्र वाया. २००० साली तिसऱ्या आवृत्तीने एक्सपीचा तक्ता सगळ्यांना एकच केला, आणि विझर्डचे लगाम सुटले ते सुटलेच. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्या क्लासेसना एकाच साच्यात बसवलं. समतोल छान साधला, पण सगळे सारखेच वाटतात म्हणून लोकांनी बोंब मारली. तेव्हा पूर्ण समान कराल तर मजा जाईल एवढं लक्षात ठेवा. फायटरला नुकसानीचे आकडे वाढवून देऊ नका, त्याला करायला काहीतरी द्या.

प्रतिसाद ४

वरच्याला अनुमोदन. एसआरडी ५.२ सुद्धा फुकटच आहे, त्यातली वेपन मास्टरी (हत्यारागणिक खास डाव) उचला. बाकी काही बदलू नका. ग्रेटसोर्डला ग्रेझ: वार चुकला तरी स्ट्रेंग्थचा मॉडिफायर लागतोच, तुमच्या फायटरचे ४. मॉलला (मोठा हातोडा) टॉपल: सेव्ह हुकला की समोरचा जमिनीवर. वॉरहॅमरला पुश: फटका लागला की दहा फूट मागे, सेव्हसुद्धा नाही. गढीच्या तटावर हे काय चीज आहे ते एकदा बघाच. फायटरला त्याच फुकटच्या नियमांत टॅक्टिकल माइंडही आहे, अ‍ॅबिलिटी चेक फसला तर सेकंड विंडचा (हिट पॉइंट भरून काढायची फायटरची शक्ती) एक वापर मोडून त्यात १डी१० मिळवायचा. दार खांद्याने फोडायला उपयोगी.

शिवाय नॉकची पूर्ण ओळ वाचा. कुलूप उघडताना जो ठोका होतो तो तीनशे फुटांपर्यंत ऐकू जातो. तुमचे पहारेकरी बहिरे आहेत का? फायरबॉलही न घातलेल्या, न धरलेल्या पेटाऊ वस्तूंना आग लावतो. ज्या खोलीत हवी ती पत्रं पडली आहेत, तिथे टाकू दे की तिला.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. पुशचं मित्राला कळवलं, त्याने लगेच वॉरहॅमरची किंमत विचारली. नॉकचा ठोका आणि आगीची ओळ दोन्ही येत्या रविवारपासून लागू, आणि तसं आधीच सगळ्यांना सांगून टाकणार. दिवस ताणायची कल्पनाही पटली, पण एक अडचण राहतेच. विझर्डकडे टायनी हट (जादूचा घुमट) आहे. रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून टाकला की स्लॉट जात नाही, आठ तास घुमटात सगळे सुखरूप. शत्रूच्या अंगणातसुद्धा हे लोक तंबू ठोकणार. तो बंद करू का?

प्रतिसाद १

बंद कशाला? रिच्युअलला नेहमीपेक्षा दहा मिनिटं जास्त लागतात, हट म्हणजे अकरा, तेवढ्यात कोणी फिरकलं तर? घुमटात शिरता येत नाही हे खरं, पण बाहेरच्यांचे आठ तास थांबत नाहीत. सरदार ओलिसांना घेऊन मागच्या दाराने निघून जाईल, उरलेले दारात बाकं आडवी लावून धनुष्यं ताणून बसतील. विझर्ड बाहेर पडली की हट संपला. एकदा असं झालं की शॉर्ट रेस्टवर भागवायला आपणहून शिकतात.

दिवस मध्येच तोडलात की प्रत्येकाच्या कॅरॅक्टर शीटचा फोटो काढून ग्रुपवर टाका. नाहीतर पुढच्या रविवारी सगळ्यांचेच स्लॉट भरलेले असतात.