शिलेदार की बारगीर? फेरारीच्या दुसऱ्या चालकाला काय म्हणावे

विचारणा – लष्कर, ग्वाल्हेर

आमच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेसाठी माझ्या भाच्याने २००० ते २००४ या काळातील फेरारी संघावर मराठीत लेख लिहिला आहे. त्या काळात मायकेल शूमाकरने ओळीने पाच वेळा फॉर्म्युला वनचे विश्वविजेतेपद मिळवले. त्याचा सहकारी रुबेन्स बॅरिकेलो याला भाच्याने ‘शूमाकरचा वफादार शिलेदार’ म्हटले आहे. ‘वफादार’ हिंदीच्या शेजारामुळे आलेला दिसतो, म्हणून तेथे ‘एकनिष्ठ’ घालावे असे मी सुचवले. ‘शिलेदार’ मात्र योग्य आहे की नाही, हे मला ठरवता आलेले नाही. वर्तमानपत्रे कोणत्याही संघातील कोणत्याही खेळाडूला सर्रास शिलेदार म्हणतात. येथे तो शब्द चालेल का, आणि अशा संघाबद्दल लिहिताना निष्ठा, इमान व आज्ञापालन यांत भेद करावा का, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर – ग्वाल्हेर

‘वफादार’ मराठीत रुळलेला शब्द आहे. तो राहिला तरी बिघडत नाही. आपली खरी शंका ‘शिलेदारा’ची आहे आणि ती रास्त आहे. मराठी फौजेत ज्याचा घोडा आणि हत्यारे स्वतःची असत तो शिलेदार, आणि ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. घोडा मेला तर शिलेदाराचे स्वतःचे नुकसान होई, बारगिराला पागेतून दुसरा मिळे. त्यामुळे दोघांच्या पगारात अंतर होते, मानात होते, आणि चाकरी सोडून दुसरीकडे जाण्याच्या मोकळिकीतही होते. दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वाढलेल्या आणि आजही लष्कर हेच नाव सांगणाऱ्या वस्तीत राहणाऱ्यांनी तरी हा भेद पुसू देऊ नये, असे मला मनापासून वाटते.

या कसोटीवर बॅरिकेलो शिलेदार ठरत नाही. गाडी संघाची, इंजिन संघाचे, आणि टायर कोणत्या फेरीला बदलायचे हेही बहुतेक वेळा संघच ठरवतो. तो बारगीर होता, आणि यात त्याला कमीपणा नाही, कारण उत्तम बारगिरांवरच पागेची अब्रू अवलंबून असे. मला अधिक खटकते ती ‘शूमाकरचा’ ही षष्ठी. एक बारगीर दुसऱ्या बारगिराचा नसतो. दोघेही पागेचे असतात. फेरारीच्या पागेचा प्रमुख १९९३ पासून जाँ टॉड होता, शूमाकर नव्हे.

१२ मे २००२ रोजी ऑस्ट्रियात जे घडले त्याला निष्ठा म्हणणेही मला मान्य नाही. पहिल्या क्रमांकावरून सुटलेला बॅरिकेलो आघाडीवर होता, आणि संघाच्या हुकमावरून त्याने अंतिम रेषेपाशी वेग कमी करून शूमाकरला पुढे जाऊ दिले. ही हुकमाची तामिली झाली. निष्ठेत माणूस स्वतः उभा असतो. येथे त्याला बाजूला उभे केले गेले. शिवाय गरज काय होती? हंगामातील पहिल्या पाचपैकी चार शर्यती शूमाकरने आधीच जिंकल्या होत्या, आणि पुढे १७ पैकी १५ शर्यती फेरारीनेच जिंकल्या. दुबळ्या संघाने गुणांसाठी असा हुकूम दिला तर निदान समजू शकते. ज्याला कोणी गाठू शकत नाही त्याने तो देणे हे मला नेतृत्वाचे लक्षण वाटत नाही. प्रेक्षकांनी हुर्यो उडवली, तेव्हा शूमाकरने बॅरिकेलोला विजेत्याच्या पायरीवर चढवले. फेरारीला दहा लाख डॉलरचा दंड झाला तो पारितोषिक समारंभातील या नियमभंगाबद्दल. हुकमाला तेव्हा मनाई नव्हती. ती २००३ च्या हंगामापासून आली आणि २०११ मध्ये उठली.

पुरवणी – वडोदरा

बारगिराचा मुद्दा पटला, परंतु तो शूमाकरला तितकासा लागू पडत नाही. १९९६ मध्ये तो फेरारीत आला तेव्हा बेनेटन संघाकडून दोन विश्वविजेतेपदे मिळवून आला होता, आणि त्याच्या पाठोपाठ त्याच संघातील रॉस ब्रॉन व रॉरी बर्न हे तंत्रज्ञही आले. असा माणूस स्वतःचे पथक घेऊन चाकरीस येणाऱ्या सरदारासारखा असतो, आणि त्याच्याशी करार करणाऱ्यालाही ते ठाऊक असते. दोन चालकांना संघात समान वागणूक का मिळत नाही, याचे उत्तर पुष्कळदा येथेच सापडते.

दुसरे असे की, हुकमावाचून दिलेल्या निष्ठेचे उदाहरण याच फेरारीच्या इतिहासात आहे. १९५६ च्या हंगामातील शेवटच्या शर्यतीत, मोन्झा येथे, हुआन मान्युएल फँजिओची गाडी बिघडली. संघातील सहकारी लुइजी मुस्सोने आपली गाडी त्याला दिली नाही. २४ वर्षांच्या पीटर कॉलिन्सने मात्र दिली, आणि तीही स्वतःला विश्वविजेता होण्याची संधी शिल्लक असताना. फँजिओ दुसरा आला आणि त्याचे चौथे विश्वविजेतेपद निश्चित झाले. कॉलिन्स १९५८ मध्ये न्युरबुर्गरिंगवरील अपघातात गेला. विश्वविजेता तो कधीच झाला नाही. ‘निष्ठा’ हा शब्द मी अशा माणसासाठी राखून ठेवीन.

उत्तर – ग्वाल्हेर

कॉलिन्सचे उदाहरण मी आनंदाने स्वीकारतो. शूमाकरबद्दलचे म्हणणेही बऱ्याच अंशी मान्य आहे, परंतु पथकाचा सरदार झाला तरी तो पागेचा धनी होत नाही, एवढे त्यात जोडावे.

इमानाविषयी अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे लिहितो. ‘निष्ठा’ बहुधा ‘वर’ घेते आणि ‘इमान’ ‘शी’ घेते: संघावर निष्ठा, पण सहकाऱ्याशी इमान. पहिल्यात खालून वर पाहणे आहे, दुसऱ्यात बरोबरी असू शकते. १९७९ मध्ये मोन्झा येथे जील व्हिलनव्ह सहकारी जॉडी शेक्टरच्या मागेच राहिला; शेक्टरने शर्यतही जिंकली आणि विश्वविजेतेपदही. १९८२ मध्ये इमोला येथे वेग कमी करण्याची पाटी संघाने दाखवली, तेव्हा आहे तेच क्रम राहणार असे आघाडीवरील व्हिलनव्हने मानले, आणि दिदिए पिरोनीने त्याला मागे टाकून शर्यत जिंकली. दोन आठवड्यांच्या आत झोल्डर येथे व्हिलनव्ह अपघातात गेला. त्याची तक्रार पिरोनीच्या संघनिष्ठेबद्दल नव्हती, कारण विजय फेरारीलाच मिळाला होता. ती बेइमानीची होती. येथे ‘निष्ठाहीन’ लिहिले तर आरोपाचा रोखच चुकतो. आणि ज्या पाटीचे दोन अर्थ होऊ शकतात ती दाखवणाऱ्या नेतृत्वाचाही त्यात वाटा होता, हे लिहिणाऱ्याने सोडू नये.

भाच्याच्या वाक्याबद्दल माझी सूचना अशी: ‘फेरारीच्या पागेतला अव्वल बारगीर रुबेन्स बॅरिकेलो याने त्या दिवशी टॉडच्या संघाचा हुकूम पाळला.’ ‘बारगीर’ आजच्या वाचकाला अडेल असे वाटल्यास त्याचा अर्थ त्याच पानावर एका ओळीत द्यावा, परंतु शब्द बदलू नये.