झिमेनटालमधलं १७६८ चं लाकडी शॅले घ्यावं का? जाणकारांचा सल्ला हवा

बर्नवासी:
नमस्कार मंडळी. मी आणि नवरा स्वित्झर्लंडमध्ये बर्नला राहतो, दोघांचंही बी परमिट (मुदतीचा राहण्याचा परवाना) आहे, पुढच्या वर्षी सी (कायमचा) मिळेल. बर्नीज ओबरलँड या डोंगराळ भागातल्या झिमेनटाल खोऱ्यात एक जुनं शॅले (डोंगरातलं लाकडी घर) विकायला निघालंय. दर्शनी भिंतीवर बांधणाऱ्या जोडप्याची नावं, सुताराचं नाव आणि १७६८ हे साल कोरलेलं आहे. खाली दगडी तळघर, वर राहतं घर, मागे त्याच छपराखाली गोठा आणि गवताचा माळा. बरीच वर्षं कुणी राहिलेलं नाही. जाहिरातीत 'आलिशान घरासाठी दुर्मीळ संधी' लिहिलंय. आमच्या डोक्यात दोन मजले उंच बैठक, मोठ्या काचा, सॉना असं आहे. सध्या शनिवार-रविवारसाठी, पुढे कायमचं. पुण्याचा भाऊ पैसे घालायला तयार आहे, पण त्यालाही खरेदीखतावर नाव हवंय. कुणी असं काम केलंय का? सुरुवात कुठून करू?

आरेकाठ:
घरापेक्षा कागद आधी बघा. पहिला प्रश्न जमिनीचा. ते बाउझोनमध्ये, म्हणजे बांधकामाच्या क्षेत्रात आहे की शेतीच्या? शेतीच्या असेल तर गोठ्याची खोली करणंही अवघड, तिथेच थांबा. गेमाइंडेला, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीला, फोन केलात की लगेच कळेल. आपल्याकडे सातबारा बघतो तसा इथे ग्रुंडबुखचा उतारा मागवा. वाटेचे, पाण्याचे, शेजाऱ्याचे हक्क त्यात असतात.

दुसरा लेक्स कोलर, परदेशी लोकांच्या घर-जमीन खरेदीवर बंधनं घालणारा १९८३ चा कायदा. बी परमिटवर बिगर-युरोपीय माणसाला फक्त स्वतः राहायचं मुख्य घर विनापरवाना घेता येतं. शनिवार-रविवारचं घर त्यात बसत नाही. सी आल्यावर हे बंधन उरत नाही, त्यामुळे वर्षभर थांबता आलं तर थांबा. भावाचं नाव लावू नका, तो भारतात राहतो म्हणून परवानगीचा प्रश्न लगेच उभा राहील. नाव न लावताही त्याने इतका पैसा घातला की तोच खरा मालक दिसावा, तरी कायदा लागू होतो. बक्षीस किंवा साधं कर्ज, तेही नोटरीला विचारून. भारतातून एका व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरच पाठवता येतात, हेही धरून चला.

तिसरं, ११ मार्च २०१२ चं जनमत. ज्या गावांत २० टक्क्यांहून जास्त सुट्टीची घरं आहेत तिथे नवी बांधता येत नाहीत. पण त्या तारखेला जे राहतं घर होतं ते सुट्टीचं घर म्हणून वापरता येतं. तुमचं होतं याचा कागद विक्रेत्याकडून घ्या.

सुतारपक्षी:
मी लाकडी इमारतींच्या दुरुस्तीत काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

बर्न कँटनच्या (राज्याच्या) बाउइन्व्हेंटारमध्ये, म्हणजे जुन्या इमारतींच्या यादीत, हे घर ऑनलाइन शोधा. 'शुट्सेन्सव्हेर्ट' (जतन करण्याजोगं) असेल तर संरक्षण कडक, आतले मौल्यवान भाग आणि खोल्यांची रचनासुद्धा त्यात येते. दोन मजले उंच बैठक म्हणजे श्टुबेचं, म्हणजे जुन्या बैठकीच्या खोलीचं, छत कापणं, ते होणार नाही आणि होऊ नये असंच मला वाटतं. कँटनच्या डेंकमालफ्लेगेचा, म्हणजे वारसा-जतन खात्याचा, सल्ला मोफत असतो. अनुदानही मिळू शकतं, पण काम सुरू करण्याआधी ठरवावं लागतं.

लाकूड बहुतेक स्प्रूसचं असेल. हाउसबॉक भुंग्याच्या अळ्या वरून दिसत नाहीत, लंबगोल भोकं दिसली की समजायचं. त्याहून वाईट हाउसश्वाम बुरशी. ती दगडी भिंतीतूनही पसरते. तळघराला टेकलेली तळाची तुळई आणि छपरातल्या तुळयांची टोकं तज्ज्ञाकडून टोचून, भोक पाडून तपासून घ्या. १९६०-७० च्या दशकांत माळ्यावर विषारी लाकूड-रसायनं मारायचे, तीही तपासा. १९९० पूर्वी कधी दुरुस्ती झाली असेल तर अॅस्बेस्टॉसची तपासणी तोडफोडीआधीच.

आडव्या ओंडक्यांची भिंत वाळताना खाली बसते. म्हणून दारं-खिडक्यांच्या वर फट ठेवलेली असते. ती कुणी फोमने भरली की भिंतीचं वजन चौकटीवर येतं. उष्णतारोधनही आतूनच करावं लागेल, कारण बाहेर कोरीव अक्षरं आहेत. लाकडी तंतूंचे पट्टे वापरा, वाफ कोंडणारा फोम नको. आधी छत आणि तळघरावरची जमीन करा, भिंती शेवटी.

रानवाट:
हिमस्खलन आणि पुराचा गेफारेनकार्टे, म्हणजे धोक्याचा नकाशा, पाहिलात का? लाल पट्ट्यात नवं बांधकाम नाही, निळ्यात अटींवर. वाढीव काम करायचं तर हे फार महत्त्वाचं. हिवाळ्यात रस्ता कोण मोकळा करतं तेही विचारा.

बर्नवासी:
सर्वांचे मनापासून आभार. आज गेमाइंडेशी बोलले. घर बाउझोनमध्ये आहे, निळ्या-लाल पट्ट्यांबाहेर, आणि शुट्सेन्सव्हेर्ट. भावाला समजावलं, तो साध्या कर्जाला तयार आहे. पण श्टुबेत नवऱ्याचं डोकं तुळईला लागतं! आलिशान घराचं स्वप्न सोडायचं का?

अनघा:
अजिबात नको, बर्नवासीताई. मोठेपणा मागच्या अर्ध्या भागात आणा. गोठा आणि गवताच्या माळ्यात उंची आयतीच आहे, शिवाय तो कामाचा भाग असल्याने तिथे बदलाला सहसा जास्त मोकळीक असते. बैठक, न्हाणीघर, सॉना तिकडे. काचा माळ्याच्या जुन्या फळ्यांमागे बसवता येतात, म्हणजे बाहेरून माळा तसाच राहतो. श्टुबे, शेगडीची भट्टी, धुराने काळं पडलेलं स्वयंपाकघर जसंच्या तसं ठेवा. अडीचशे वर्षांची काजळी पैसे मोजून परत मिळत नाही, तिला घासू देऊ नका. आमच्या ओळखीच्यांनी असंच केलं. पाहुणे त्या बुटक्या खोलीतच बसतात.

आर्किटेक्ट निवडण्याआधी जवळच्या डीमटिगटाल खोऱ्यातली घरं चालत बघा. तिथल्या डीमटिगन गावाला वारसा जपल्याबद्दल १९८६ चा वाकर पुरस्कार मिळाला होता. ब्रीन्त्सजवळच्या बालेनबेर्ग संग्रहालयात जुने सांधे हाताने पाहता येतात.

सुतारपक्षी:
अनघाताईंशी सहमत. किमतीचा करार करण्याआधी आर्किटेक्टला घेऊन डेंकमालफ्लेगेच्या माणसाबरोबर घर फिरा आणि गोठ्याचा आराखडा तत्त्वतः चालेल का हे लेखी मिळवा. अंदाजपत्रकावर किमान चौथा हिस्सा वेगळा ठेवा, जमीन उकलली की काहीतरी निघतंच. आणि एक भेट मार्च-एप्रिलमध्ये, बर्फ वितळताना. तळघरात पाणी कुठून येतं ते तेव्हाच कळतं.