मदत हवी आहे: पूडल कुत्रीच्या काखेतले गुंते कसे काढू?

आमची टॉय पूडल 10 महिन्यांची आहे, पिल्लाचे केस जाऊन मोठेपणचे कुरळे केस येतायत त्यामुळे कानामागे आणि पुढच्या पायांच्या काखेत सारखे गुंते होतात. स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) थर उचलून मुळापासून विंचरते, मग स्टीलचा कंगवा फिरवून बघते, गुंते सोडवायचा स्प्रेपण मारते, आंघोळ सध्या थांबवलीये कारण भिजले की गुंते अजून घट्ट बसतात. बाकी अंग छान सुटतं पण काखेतले अगदी कातडीला चिकटलेत, ओढलं की बिचारी कळवळते. त्वचा लाल नाहीये, खाजवतही नाही. कात्री नको, तिथली कातडी फार पातळ असते. क्लिपर (केस कापायचं मशीन) आहे, 10 नंबरचं ब्लेडपण. तेच चालेल का, आणि फिरवताना कातडी नेमकी कशी ताणून धरायची?