१९४८ साली जन्मलेल्या देशाला स्वतःची युद्धकला असू शकते का?

शिवाजी पेठकर (धागाकर्ता)
काल एका सद्गृहस्थांनी लिहिले की, इस्रायल १९४८ साली जन्मला, तेव्हा क्राव मागा या हातघाईच्या लढतीच्या पद्धतीला त्याची देशी युद्धकला म्हणणे ही निव्वळ जाहिरात असून हा मान आपल्यासारख्या प्राचीन देशांनाच शोभतो. हे वाचून गप्प बसवेना. क्राव मागाचे जनक इमी लिख्टेनफेल्ड बुडापेस्टमध्ये जन्मले आणि ब्रातिस्लाव्हात कुस्ती व मुष्टियुद्ध शिकले, हे खरे. पण नवख्या शिपायाला शिकवता येईल अशी पद्धत त्यांनी इस्रायलच्या सैन्यासाठीच बसवली. तायक्वांदो हे नाव १९५५ सालचे आणि तिच्यावर जपानी कराटेची छाप उघड आहे, तरी ती कोरियाची नाही असे कोणी म्हणत नाही.

पंचगंगाकाठ
ते सद्गृहस्थ मीच. २०२३ च्या आग्नेय आशियाई स्पर्धेत कंबोडियाने मुए थाईसारख्या किकबॉक्सिंगच्या खेळाला ‘कुन ख्मेर’ म्हटले, म्हणून थायलंडने त्यात खेळाडूच पाठवले नाहीत. जिथे शतकांची परंपरा आहे तिथे एवढा वाद होतो, मग पाऊणशे वर्षांच्या देशाचा दावा कशावर मानायचा? आमच्या मर्दानी खेळात, म्हणजे लाठी-तलवारीच्या कोल्हापुरी युद्धकलेत, कोणाची उसनवारी नाही.

शिवाजी पेठकर
नाही? मग फिरंग तलवारीला ‘फिरंग’ का म्हणतात? पाते युरोपातले आणि मूठ इथली, म्हणूनच ना! पैलवान, वस्ताद आणि खुद्द कुस्ती हे शब्द फारसीतून आले, तालीम अरबीतून. शाहू महाराजांना कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना रोमचे मैदान पाहून सुचली असे आपणच पाहुण्यांना कौतुकाने सांगता.

लाल माती
शब्दांचे सोडा, मातीचे बोला. हळद, ताक, तेल घालून कुस्तीच्या मातीचा हौदा मळण्यात माझी हयात गेली. माझा मुलगा मातीत कोणाला पाठ लावू देत नव्हता, पण मॅटवर दोनदा रिंगणाबाहेर ढकलला गेला आणि तेवढ्या गुणांवर हरला. चितपट नाही, काही नाही, आणि याला कुस्ती म्हणायचे!

पट्टेवाली
काका, खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला मॅटवर सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन परतले. मॅट परकी म्हणून ते पदकही परके ठरवायचे का?

लाल माती
खाशाबांचे नाव मध्ये घालू नका. त्यांचे अंग मातीतच तयार झाले होते. आपण कधी हौद्यात उतरला आहात का?

पट्टेवाली
बायकांना उतरू कोण देत होते? नवव्या वर्षापासून मी लाठी आणि पट्टा फिरवते, पण आम्हाला आठवतात ते मिरवणुकीपुरते. २०२० साली केंद्र सरकारच्या खेलो इंडिया स्पर्धांत पंजाबचा गतका, केरळची कळरीपयट्टू, मणिपूरची थांग-ता आणि मल्लखांब घेतले गेले. मर्दानी खेळ त्यात नव्हता. दुसऱ्या देशाचा दाखला तपासण्याआधी आपल्या घरच्या कलेला शिकणारी मुले किती उरली, ते या पंचगंगाकाठच्या साहेबांनी एकदा मोजावे.

पंचगंगाकाठ
ठीक आहे, क्राव मागा इस्रायलची, घ्या. फिरंगेचे पातेही परके. मूठ मात्र मी सोडणार नाही.

शिवाजी पेठकर
मूठ सोडा असे म्हटले कोणी? इमींनीही मूठच बसवली होती, एवढेच मी पहिल्या प्रतिसादापासून सांगत आहे.

लाल माती
आणि मॅटचे काय ठरले?